वहिनीचे नारिंगी हातमोजे

वहिनीला रक्ताची किळस येत नाही. बाकी बहुतेक सगळ्याची येते. बेसिनच्या जाळीत अडकलेले केस, ओल्या पायपुसण्याचा वास, दुसऱ्याच्या कपात तळाशी राहिलेला चहा, लिफ्टच्या बटणावरचा तेलकट ठसा. शेजारचे काका भिंतीपलीकडे घसा खाकरायला लागले की ती हातातलं काम टाकते आणि नळ पूर्ण सोडते, तो आवाज बुडून जावा म्हणून.

"एवढी सगळ्याची शिसारी येते, तर आमच्या घरात लग्न करून आलीस कशी?" आई विचारते.

"आधी तुमच्या मुलाला साबण लावून बघितला," वहिनी म्हणते. "बऱ्यापैकी निघाला, म्हणून हो म्हटलं."

दादा पाय धुऊनच आलेला असतो, तरी उठून परत एकदा धुऊन येतो.

आणि हीच बाई सकाळी लोकांच्या घरी जाते, त्यांच्या दंडाला पट्टा बांधते आणि शिरेतून रक्त काढून नळ्यांत भरते. एका लॅबसाठी ती घरोघर फिरून नमुने गोळा करते. ज्यांना लॅबपर्यंत जाणं जमत नाही अशी म्हातारी, अंथरुणाला खिळलेली, नुकती बाळंत झालेली माणसं तिच्या वाट्याला येतात. मी एकदा विचारलं, रक्ताचं काही वाटत नाही का? ती म्हणाली, "रक्त स्वच्छ असतं, भाऊजी. ते आत असतं. घाण सगळी माणूस बाहेर आणून करतो."

फिरायला दादाची जुनी मोटरसायकल आहे. बस तिला चालत नाही, कारण बसच्या दांड्याला अख्ख्या गावाचे हात लागलेले असतात. मोटरसायकलचं हँडल मात्र तिचं एकटीचं. ते ती रोज स्पिरिटने पुसते. मागच्या सीटवर नमुन्यांची थंड पेटी पट्ट्याने करकचून बांधलेली असते, आणि त्या पेटीला घरात कोणी बोट लावायचं नाही.

गाडी चांगली आहे, पण चाकं जुन्या पद्धतीची, आत ट्यूब असलेली. आणि लॅबला जायचा जवळचा रस्ता कचरा डेपोवरून जातो.

त्या रस्त्याबद्दल लिहितानासुद्धा मला नाक दाबावंसं वाटतं. कचऱ्याचे ट्रक ओलेच भरून येतात आणि वाटभर गळत जातात. त्या गळतीचा काळपट, बुळबुळीत थर डांबरावर कायमचा बसलाय. उन्हात त्याला साय धरते. माश्या इतक्या, की समोर दिसतोय तो खड्डा आहे की माश्यांचा घोळका, हे जवळ गेल्यावरच कळतं. शिवाय डेपोच्या भिंतीला लागून काही लोक जुने टायर जाळत बसलेले असतात. मोठ्या गाड्यांच्या टायरमध्ये पोलादी तारांची जाळी असते, आणि रबर जळून गेलं की ती भंगारात विकता येते. विकता येत नाहीत ते तुकडे, केसासारखे बारीक, चाकांना लागून रस्ताभर पसरतात. खिळा निदान दिसतो तरी. ही तार दिसत नाही. टायरमध्ये शिरते, तिथेच घर करते आणि ट्यूबला हळूहळू टोचत राहते.

पंक्चरवाल्याचं दुकानही त्याच रस्त्यावर आहे. ही सोय म्हणायची की कट, यावर दादाचं आणि माझं कधी एकमत झालं नाही.

पहिल्यांदा पंक्चर झालं तेव्हा वहिनी निमूटपणे त्या दुकानात गेली. पंक्चरवाल्याच्या गालात तंबाखू होती. टबमध्ये पाणी होतं. ते पाणी आहे हे केवळ हलत होतं म्हणून कळत होतं. वर तेलाचे रंग, एक मेलेलं झुरळ आणि विझवलेलं थोटूक. त्यात त्याने ट्यूब बुडवली, बुडबुडे बघितले, ठिगळ लावलं. इथपर्यंत वहिनीने दुसरीकडे बघत निभावून नेलं. मग त्याने टायर बसवला, हवा भरली, तर्जनी जिभेवरून फिरवली आणि तो तपकिरी ओघळ व्हॉल्वच्या तोंडावर लावला.

"ई! काय करताय?"

"लीक बघतोय, ताई. फुगा आला तर व्हॉल्व गळतोय म्हणायचं."

"पुसा ते! आधी पुसा!"

"फुगा तर येऊ दे."

"मला नको फुगा! फडकं घ्या आणि पुसा!"

त्याने हात पँटला पुसला आणि त्याच हाताने व्हॉल्व पुसला. वर म्हणाला, "थुंकीचं काय एवढं, ताई? तुम्ही तर लोकांचं रक्त घेऊन फिरता."

"ते मी जिभेला लावत नाही!"

त्या संध्याकाळी वहिनीने मोटरसायकल कपड्यांच्या साबणाने धुतली. मागचं चाक तर इतकं घासलं की आई म्हणाली, आता त्यात तोंड बघून भांग पाडता येईल. पंक्चरवाल्याचं नाव आमच्या घरात 'पिचकारी' पडलं. मग वहिनी माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. ती आत येत नाही. माझ्या खोलीतल्या पायमोज्यांबद्दल तिचं एक ठाम मत आहे.

"भाऊजी, तुमचा डिप्लोमा कशाचा?"

"यंत्रांचा."

"मग पंक्चर काढता येतं, की नुसता कागद मिळालाय?"

"येतं."

"मग मला शिकवा. त्या माणसाच्या जिभेला मी माझी गाडी परत दाखवणार नाही."

सुटीच्या दिवशी इमारतीच्या मागच्या मोकळ्या जागेत आम्ही गाडी लावली. वहिनी आली ती ॲप्रन, मास्क आणि कोपरापर्यंत येणारे जाड नारिंगी रबरी हातमोजे घालून. हे मोजे ती संडास-बाथरूम धुताना वापरते. मास्कच्या आत तिने निलगिरीच्या तेलाचा थेंब टाकला होता.

"टायरमध्ये माणूस नाहीये, वहिनी."

"असता तर पातळ मोजे चालले असते. तुम्ही सुरू करा."

मी कारखान्यात यंत्रांची देखभाल करतो. कोणी ऐकायला मिळालं की मला चेव येतो. मी पंक्चर होऊच नये म्हणून काय करायचं तिथून सुरुवात केली. हवा सकाळी मोजायची, गाडी निघायच्या आधी, टायर गार असताना. गाडी चालली की आतली हवा तापते आणि माप खोटं येतं. हवा कमी असली तर टायर रस्त्यावर पसरतो, कडेने दुमडतो आणि वाटेतलं काय काय उचलून घेतो. व्हॉल्वची टोपी विसरायची नाही, नाहीतर आत धूळ जाते आणि पिन नीट बसत नाही. गाडी डबल स्टँडवर घेऊन चाक हळूहळू फिरवायचं आणि खाचांत रुतलेला खडा, काच उकरून काढायची. आज रुतलेली काच बहुतेकदा पुढच्या आठवड्यात दगा देते. आणि रस्त्याच्या अगदी कडेने चालवायचं नाही. गाड्यांची चाकं सगळा कचरा कडेला लोटतात, म्हणून मधल्या, चाकांनी साफ झालेल्या पट्ट्यातून जायचं.

"म्हणजे झाडू मारलेल्या जागेवरून," वहिनी म्हणाली. एवढ्या भाषणात तिला मनापासून आवडलेला मुद्दा हा एकच.

मग मागचा टायर उघडला. पिचकारीच्या ठिगळानंतरही त्याची हवा जातच होती. चाक न काढताही टायरची एक कड पट्टीने रिमबाहेर काढून ट्यूब ओढून घेता येते. आतून गंजाचं पाणी आणि काळा गाळ ओघळला. वहिनी दोन पावलं मागे सरकली.

"यात काहीतरी मेलंय."

"काही मेलेलं नाही. पाणी शिरून कुजलंय."

"मेल्यावर तेच होतं, भाऊजी."

पण शिकली, आणि तिच्या पद्धतीने शिकली. खाली स्वच्छ प्लॅस्टिक अंथरायचं. त्यावर ट्रे. ट्रेमध्ये लोखंडी पट्ट्या, घासकागद, ठिगळ चिकटवायचं सोल्युशन, ठिगळं, पक्कड, सगळं स्पिरिटने पुसून रांगेत. ट्यूब फुगवून तिच्यावर हात धुवायच्या साबणाचा फेस लावायचा. भोक असेल तिथे फेस फुगतो. व्हॉल्वलाही तोच फेस.

"बघा," ती म्हणाली. "थुंकीशिवाय जग चालतं."

जागा घासून, सोल्युशन लावून, ते सुकल्यावर तिने ठिगळ बसवलं, वर अंगठा दाबला आणि सवयीने ट्यूबला म्हणाली, "दाबून धरा, चोळू नका." मला हसू फुटलं. तिला कळलंच नाही कशाचं.

ट्यूब परत घालायच्या आधी टायरच्या आतून बोटं फिरवून बघायचं असतं, भोक पाडणारी वस्तू अजून तिथेच आहे का ते. हे मी सांगितलं. वहिनीने नारिंगी हात आत घातला, मान वळवली, श्वास रोखला आणि पूर्ण गोल फिरवला. "काही नाही," म्हणाली आणि हात असा झटकला, जणू आतलं काहीतरी तिला चावायला आलं होतं.

त्या दिवशी हात धुताना ती पहिल्यांदाच तिच्या माहेरच्या घराबद्दल बोलली. एका रांगेत खोल्या, आणि सगळ्या रांगेला मिळून एकच संडास. ही घरात थोरली. आजोबांना गुडघ्यांमुळे सकाळी गर्दीत थांबता यायचं नाही, म्हणून ते जायच्या आधी हिने बादली आणि खराटा घेऊन ती जागा धुऊन ठेवायची. रात्रभर लोकांनी काय काय करून ठेवलेलं असायचं ते तिने मला सविस्तर सांगितलं. मी इथे लिहिणार नाही. "आणि रांगेतले लोक हसायचे," ती म्हणाली. "ज्यांनी घाण केली तेच हसायचे." मग तिने पुन्हा साबण घेतला.

काही दिवस गाडी बरी चालली. मग एका सकाळी मागचं चाक बसलेलं दिसलं. वहिनीने ट्यूब काढली, ठिगळ लावलं, नारिंगी हात आतून फिरवला, टायर बंद केला. चाक पुन्हा बसलं. तिला ठिगळांचा संशय आला, तिने दुसरी आणली. मग ट्यूबचा संशय आला, नवी ट्यूब आणली. नव्या ट्यूबचीही हवा जायला लागली. त्या काळात मला दुपारची पाळी होती. मी घरी यायचो तेव्हा ती झोपलेली असायची, आणि मी उठायचो तेव्हा ती फेरीवर गेलेली असायची.

"गाडीलाच तुझ्या साबणाची किळस आली असेल," आई म्हणाली.

दादाने सुचवलं, एकदा पिचकारीला दाखव. वहिनीने त्याच्याकडे नुसतं बघितलं. दादा पाय धुवायला उठला.

अशातच बाईंचा नमुना वाया गेला.

बाई म्हणजे एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. लॅबपासून लांब, गावाच्या दुसऱ्या टोकाला एकट्या राहतात. हृदयाच्या दुखण्यासाठी त्यांना रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. ती जास्त झाली तर आतल्या आत रक्तस्राव होतो, कमी झाली तर गुठळी होते. म्हणून रक्त गोठायला किती वेळ लागतो हे ठरावीक दिवसांनी तपासून गोळी ठरवावी लागते. या तपासणीचं रक्त फार वेळ टिकत नाही, काढलं की लवकर लॅबमध्ये पोचावं लागतं. आणि बाईंच्या हातात शीर म्हणून राहिलेली नाही. वर्षानुवर्षं टोचून टोचून हात निळे-पिवळे झालेत. सुई शिरते आणि शीर बाजूला सरकते. बाई ओरडत नाहीत, नुसत्या ओठ आवळून वर पंख्याकडे बघत राहतात. वहिनी म्हणते, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या दिवशी त्यांचं रक्त मिळालं, पण वाटेत चाक बसलं आणि वहिनी गाडी ढकलत लॅबला पोचली. मशीनवाल्याने नळीवरची वेळ बघितली. "उशीर झाला. आता हे लावलं तर आकडा खोटा येईल." त्याने ती नळी तिच्यासमोर कचऱ्याच्या पिवळ्या डब्यात टाकली.

वहिनीने बाईंना फोन केला.

"मी माझ्या बाजूने हात पुढे केला होता ना?" त्या म्हणाल्या.

"हो, बाई."

"मग पुन्हा का करायचा?"

"चूक माझ्या गाडीची आहे, बाई. हात जोडते."

"ये. पण ही शेवटची. हीसुद्धा वाया गेली तर परत सुई घेऊन माझ्या दारात उभी राहू नकोस. गोळी बंद करीन. मग व्हायचं ते होऊ दे."

बाई पोकळ बोलत नाहीत. डोळ्यांच्या एका डॉक्टरने बाहेर ताटकळत ठेवलं म्हणून त्यांनी चष्माच सोडून दिला होता, आणि अजून भिंग धरून वाचतात. गोळी बंद केली तर काय होईल हे वहिनीला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तिने ठरवलेल्या दिवशी बाईंचं घर शेवटचं ठेवलं, म्हणजे तिथून थेट लॅब. या वेळी ट्रेमधलं सगळं सामान, पंप, साबण, ॲप्रन आणि नारिंगी मोजे पिशवीत घालून तिने गाडीला अडकवले होते. बाईंनी उजवा हात उशीवर ठेवला. वहिनीने सुई काढायच्या आधी नुसत्या बोटाने मनगटापासून वर चाचपत नेलं, खूप वेळ, आणि अंगठ्याच्या बाजूला एक बारीक शीर धरली. हातमोजे चढवले, टोचलं. निळ्या झाकणाची नळी खुणेपर्यंत भरली.

"पोचव," बाई म्हणाल्या.

"पोचवते."

डेपोच्या रस्त्यावर मागचं चाक डुलायला लागलं. वहिनीने लगेच गाडी थांबवली. बसलेल्या चाकावर चालवलं तर ट्यूबच्या चिंध्या होतात हे तिला पाठ होतं. ती उतरली ती त्या बुळबुळीत थरात. शेजारून ट्रक गेला आणि चाकाखालचं पाणी तिच्या गुडघ्यांपर्यंत उडालं.

थोड्याच अंतरावर पिचकारी एका कचऱ्याच्या ट्रकला जॅक लावून बसला होता.

"या ताई! पण बसावं लागेल. याची मागची दोन्ही चाकं काढायचीत."

"किती वेळ?"

"चहा घ्या, तोवर होईल."

"इथे? चहा?"

त्याने कडेला लांब पिंक टाकली. हो म्हणाला असावा.

माझी पाळी आता सकाळची झाली होती. जेवायच्या सुटीत मी कारखान्याच्या व्हरांड्यात होतो तेव्हा तिचा फोन आला. "भाऊजी, बाईंचा नमुना आहे आणि गाडी बसलीय. डेपोवर."

"लॅबचं कोणी येईल?"

"सगळे फेरीवर आहेत. टॅक्सीवाले वासाने इकडे येत नाहीत. मीच करतेय. तुम्ही फोनवर राहा."

फोन तिने सीटवर ठेवला. मला लोखंडी पट्टीचा आवाज आला, ट्रकचे हॉर्न, माश्यांची घरघर, आणि मधूनमधून वहिनीचं "शी". ट्यूब निघाली. पंप. फेस.

"सापडलं," ती म्हणाली. "जुन्या ठिगळाच्या शेजारीच."

"मागच्या ट्यूबलाही इथेच होतं का?"

"व्हॉल्वच्या जरा पुढे. हो, इथेच."

आता मला कळलं. ट्यूब बदलली, ठिगळं बदलली, भोक मात्र तिथेच पडत होतं. म्हणजे जे टोचत होतं ते टायरमध्येच होतं, पहिल्या दिवसापासून.

"वहिनी, त्या जागेसमोर टायरच्या आत बोट फिरव."

"फिरवलं. दर वेळी फिरवते. काही नाहीये."

"हातात काय आहे तुझ्या?"

"हातमोजे."

"नारिंगी?"

"मग कुठले असणार?"

"काढ ते."

"नाही."

"वहिनी, त्या जाड रबरातून केसाएवढी तार हाताला लागणार कशी?"

"तुम्हाला इथलं दिसत नाहीये, भाऊजी. ट्रकचं सगळं पाणी टायरमध्ये उतरलंय. कडेला काहीतरी वळवळतंय."

"वळवळत नसेल."

"अळी आहे! माझ्या डोळ्यांसमोर आहे ती! पांढरी अळी आहे हो!" तिचा आवाज रडवेला झाला होता.

"तुझे कामाचे पातळ मोजे घाल."

"संपले. बाई शेवटच्या होत्या."

"मग कापूस फिरव. तार असेल तर धागे अडकतील."

तिने फिरवला. कापूस बाहेर आला तो काळा, ठिबकता लगदा होऊन. धागे जागोजागी चिकटून बसले होते, तारेला कुठले आणि गाळाला कुठले ते सांगता येईना.

पेटी सीटवर होती आणि उन्हात होती, हे आम्हा दोघांना माहीत होतं. मग रबर ओढून काढल्याचा आवाज आला. आधी एक, मग दुसरा.

"माझ्याशी बोलत राहा," ती म्हणाली. "काहीही बोला. थांबू नका."

"आमच्याकडे आज एका मशीनचं तेल बदललं—"

"तेल नको!"

"बरं. आईने काल पडदे धुतले."

"हां. पडदे बोला."

मी पडद्यांबद्दल बोललो. ते किती पांढरे निघाले, कुठल्या दोरीवर वाळत घातले, वाऱ्याने कसे फुगले. पलीकडे वहिनीच्या घशातून उमाशावर उमासा येत होता आणि ती तो गिळत होती. गाळात बोट फिरल्याचा पचपच आवाज फोनवर येत होता. शाळेतल्या निबंधात मी इतका पाल्हाळ कधी लावला नव्हता.

"आई गं!"

"काय झालं?"

"टोचली."

"कुठे?"

"बोटात. टोचली, भाऊजी. मिळाली!"

पक्कड घेऊन तिने तार बाहेर ओढली. तिने नंतर सांगितलं, पापणीच्या केसाएवढी होती. तिच्या तर्जनीवर रक्ताचा ठिपका आला, आणि ते रक्त काळ्या गाळात मिसळून बोटावरून ओघळलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला रक्ताची किळस आली.

"सापडली का ताई?" पिचकारीने ट्रकखालून विचारलं.

तिने जखमेवर स्पिरिट ओतलं. त्यावर जे काही म्हणाली ते आमच्या घरात कोणी म्हणत नाही. मग पुन्हा स्पिरिटने हात पुसून, ट्यूब घासून, सोल्युशन लावून ती सुकायची वाट बघत उभी राहिली. हेच सगळ्यात अवघड होतं. सोल्युशन ओलं असताना ठिगळ लावलं तर सुटतं, आणि घाई तर गळ्यापर्यंत आलेली. ती टोचलेलं बोट वर धरून, दुसऱ्या हाताने पेटीवर ॲप्रनची सावली करून थांबली. ठिगळ बसवलं. टायरची कड आत ढकलली. हवा भरली. व्हॉल्वला फेस लावला. फुगा आला नाही.

"थुंकी लावली असती तर वेळ वाचला असता," पिचकारी म्हणाला.

"तुमची थुंकी तुमच्यापाशी ठेवा. आधी जॅक बघा, सरकतोय."

तो खरंच सरकत होता. पिचकारी ओरडत बाजूला झाला, आणि वहिनीने गाडीला किक मारली.

लॅबमध्ये मशीनवाल्याने तिला बघितलं आणि तो खुर्चीसकट मागे सरकला. कोपरापर्यंत काळे हात, पँटवर डेपोचा राप, गालावर एक ओला फराटा. "या हातांनी पेटी उचललीस तू? ई! तिथेच ठेव. जवळ येऊ नकोस." त्याने नाक दाबून, दोन बोटांनी, पेटीचं झाकण उघडलं.

लोकांकडे वहिनी जशी बघते तसं आज तिच्याकडे कोणीतरी बघत होतं. तिला ते कळलं, पण तिची नजर नळीवर होती.

"वेळ बघ," ती म्हणाली. "नाकाचं नंतर."

त्याने नळी उजेडात धरली, वेळ बघितली, घड्याळ बघितलं. "आहे वेळेत," म्हणाला, आणि नळी मशीनला लावली.

वहिनी सरळ मागच्या बेसिनवर गेली आणि ओकली. रस्त्यावर गिळलेलं सगळं बाहेर आलं. नंतर तिच्यासोबत काम करणाऱ्या एका मैत्रिणीने तिला धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. गंजकी तार, कचऱ्याचं पाणी, ते घ्यावंच लागलं. सुई शिरताना वहिनीनेही ओठ आवळून वर बघितलं. पंखा धुळीने माखलेला होता, म्हणून तिने डोळे मिटून घेतले.

आकडा आल्यावर तिने बाईंना फोन लावला.

"बाई, झालं. रक्त चाललं. डॉक्टर संध्याकाळपर्यंत गोळी कळवतील."

"म्हणजे परत टोचायचं नाही."

"नाही. या वेळचं झालं."

"तुझा आवाज असा का येतोय?"

"ओकले मी, बाई."

"का?"

वहिनीने सांगितलं. तार सांगितली, हातमोजे सांगितले, अळीसुद्धा सांगितली. बाईंनी मध्ये कुठेही थांबवलं नाही.

"शी," शेवटी त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, "पुढच्या वेळी डावा हात घे. उजवा दुखतोय."

आणि त्यांनी फोन ठेवला.